परवाना आहे, पण करंट नाही

मंडळी, आमच्या कुरखेड्यात करंट म्हणजे वीज. पावसाळ्यात वादळ आलं की करंट जातो आणि आम्ही कंदील शोधतो. वैमानिकांच्या बोलण्यातही हाच शब्द आहे, हे मला अमेरिकेतल्या पुतण्यामुळे कळलं. त्याने तरुणपणी भारतात खाजगी विमान चालवण्याचा परवाना काढला होता. पुढे नोकरी, लग्न, परदेश... बारा वर्षं विमानाला हात नाही. आता पुन्हा उडायचं म्हणतो. घरातल्या सगळ्यांचा प्रश्न एकच, लायसन्स आहे तर अडलं कुठे? तो म्हणाला, "काका, लायसन्स आहे, पण मी करंट नाही." म्हणजे अलीकडचा सराव नाही.

हे समजून घेताना बराच इतिहास हाती लागला, तो इथे मांडतो.

१९१९ साली पॅरिसला विमानवाहतुकीचा पहिला मोठा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात ठरलं की विमान ज्या देशाचं, त्या देशाने वैमानिकाला परवाना द्यावा किंवा दुसऱ्याने दिलेला मान्य करावा. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागोला ५२ देशांनी नव्या करारावर सह्या केल्या, त्यातही हेच तत्त्व राहिलं. म्हणून भारतीय परवान्यावर अमेरिकेत नोंदलेलं विमान तिथे तसंच उडवता येत नाही, आधी त्या देशाची मान्यता लागते.

पण कागद मान्य झाला म्हणून हात तयार झाला असं नाही. याचं एक उदाहरण सांगतो. १९४० साली इंग्लंडवर जर्मन बॉम्ब पडत असताना भारतातून २४ वैमानिक ब्रिटिश हवाई दलासाठी तिकडे गेले. त्यांत महेंद्रसिंग पुज्जी होते. १९३६ मध्ये ते दिल्ली फ्लाइंग क्लबात हौस म्हणून विमान शिकले, काही काळ वैमानिकाची नोकरी केली आणि मग बर्मा शेल कंपनीत विमानांना इंधन पुरवण्याच्या कामावर लागले. इंग्लंडला वैमानिकांची निकड होती, तरी या सगळ्यांना आधी तिथे प्रशिक्षण घ्यावं लागलं, मगच लढाऊ विमान हाती आलं. पुज्जींनी पुढे पगडी घालूनच हरिकेन विमान चालवलं. युद्धाच्या घाईतही शिकवणी टळली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता अमेरिकेचा आजचा नियम पाहा. भारतीय परवाना अजून मुदतीत असेल, तर तिथलं विमान खातं तो खरा आहे का, हे भारताच्या नागरी विमान महासंचालनालयाकडून तपासून घेतं आणि त्याच्या आधारे आपला परवाना देतं. नंतर तिथल्या प्रशिक्षकाबरोबर उजळणी. निदान एक तास जमिनीवर प्रश्नोत्तरं, एक तास हवेत. यात पास-नापास नाही. प्रशिक्षकाचं समाधान झालं तर तो वहीत सही करतो, नाहीतर "अजून या" म्हणतो. भारतीय परवान्याची मुदत संपली असेल, तर हा जवळचा रस्ता बंद, तिथली पूर्ण परीक्षा द्यायची. मात्र वहीत लिहिलेले जुने तास वाया जात नाहीत. युरोपात नियम आणखी कडक. परक्या परवान्याचं रूपांतर करायला १०० तासांचा अनुभव, दोन विषयांची लेखी परीक्षा, वैद्यकीय तपासणी आणि उड्डाणाची परीक्षा.

अमेरिकेतला एक नियम मला सगळ्यांत आवडला. सोबत प्रवासी न्यायचा असेल, तर गेल्या ९० दिवसांत तीन वेळा विमान उडवून उतरवलेलं हवं. रात्री न्यायचा असेल तर ही तीन उड्डाणं रात्रीचीच हवीत, आणि दर वेळी विमान धावपट्टीवर पूर्ण थांबवायला हवं. उजळणी झालेल्या माणसाला एकट्याने उडायला मात्र ही ९० दिवसांची अट नाही. स्वतःचा जीव धोक्यात घालून सराव कर, दुसऱ्याचा जीव हाती घेण्याआधी हात तयार कर, असा त्याचा अर्थ. "आम्हाला कधी फिरवतोस" म्हणून त्याच्या मागे लागलेल्या आमच्या नातेवाईक मंडळींनी हे जरा लक्षात घ्यावं!

आम्हा शिक्षकांचं तसं नसतं. माझी बी.ए.ची पदवी ट्रंकेत पडून आहे, पन्नास वर्षांत ती मला कुणी पुन्हा सिद्ध करायला लावली नाही. पण सुट्टीनंतर जूनमध्ये फळ्यावरचं पहिलं अक्षर थोडं वाकडंच यायचं. तिथे कुणाचा जीव जात नव्हता, एवढंच.

वयाने माणूस यातून बाद होतो असंही नाही. जे.आर.डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ ला त्यांनी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला विमान आणलं. त्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून तोच प्रवास पुन्हा एकट्याने केला. पहिल्या क्रमांकाचा परवाना घरात होता, पण तो कागद विमान उतरवून देत नाही. ते काम ७८ वर्षांच्या हातांनी त्या दिवशी केलं.

असो. वाचकांपैकी कुणी परदेशात जाऊन जुनी विद्या पुन्हा पहिल्यापासून गिरवली असेल, मग ती गाडी चालवणं असो की डॉक्टरकी, तर जरूर कळवा. वाचायला आवडेल.