जाळीदार पानं आणि फवाऱ्याची घाई

परसातल्या वांग्याची पानं जाळीदार झाली की सल्ला ठरलेला: औषध मारा, किडा कोणता ते बघत बसू नका. या मताला आधार नाही असं नाही. शत्रू असलेला हड्डा भुंगेरा आणि मित्र ढालकिडा एकाच कुळातले. दोघेही वाटोळे, ठिपकेदार. अंडीसुद्धा दोघांची पिवळी, उभी, पुंजक्यानं घातलेली. मग घरच्या माणसानं ओळखायचं कसं?

ओळखता येतं. हड्ड्याच्या पाठीवर बहुधा २८ ठिपके असतात, पण ते मोजण्यापेक्षा पाठ निरखावी. ढालकिड्याची गुळगुळीत, चकचकीत; हड्ड्याची मळकट तांबूस, बारीक लव असलेली. अळ्यांत तर घोटाळा व्हायलाच नको. हड्ड्याची अळी पिवळी, अंगभर फाटे फुटलेल्या काट्यांची, पानाचा हिरवा भाग खरवडणारी. ढालकिड्याची काळपट, नारिंगी खुणांची, मावा शोधत चपळ फिरणारी. दिसायला भेसूर म्हणून नेमकी हीच चिरडली जाते, याचं फार वाईट वाटतं. अंड्यांभोवती मावा असेल, तर ती बहुधा मित्राची समजून राहू द्यावीत.

माझा मुख्य आक्षेप पुढेच आहे. हड्ड्याची एखादी अळी पानावर काळपट पडून, निश्चल चिकटलेली दिसते. पुष्कळदा तिच्या आत पेडिओबियस या चिमुकल्या गांधीलमाशीची पिल्लं वाढत असतात. १९६० च्या दशकात अमेरिकेनं ही माशी भारतातून नेली, तिथल्या घेवड्यावर पडणाऱ्या हड्ड्याच्याच भाऊबंदांना आवरण्यासाठी. सरसकट फवाऱ्यात किडीबरोबर तीही मरते आणि पुढच्या पिढीच्या हड्ड्याला रान मोकळं मिळतं.

एकरभर वांग्यांत किडे वेचणं अवघड, हे मान्य. परसातल्या दहा-वीस झाडांना मात्र सकाळची थोडी मिनिटं पुरतात. साबणाच्या पाण्याचं भांडं खाली धरून फांदी झटकावी. धक्का लागताच हड्डा अंग सोडून खाली पडतो. अंड्यांचं पान मागून तपासून खुडावं, काळ्या अळ्या तशाच ठेवाव्यात.

काकडी-भोपळ्यावरच्या लाल भुंगेऱ्यापुढे तर पानांवरचा फवारा आणखीच तोकडा, कारण त्याची अळी मातीत मुळं खात असते. तिथे कोवळ्या रोपांवर पातळ कापड घालावं आणि मादीफुलं येताच मधमाश्यांसाठी काढून घ्यावं.