लेण्यातल्या अंकांपासून खहरापर्यंत

नाशिकजवळच्या अंबड औद्योगिक वसाहतीपासून पांडवलेणी फार दूर नाहीत. तेथील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी एक हिशेब कोरवून घेतला आहे. विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापणांची ठेव, व्याज दरमहा शेकडा १. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापणे. आपण ताळा पाहू. व्याज महिन्याला २०, वर्षाला २४०; आणि २० × १२ = २४०. हिशेब चोख आहे!

आकडे मात्र आपल्या पद्धतीचे नाहीत. १ ते ९ यांना खुणा आहेत, पण १०, २०, ७०, १०० आणि १००० यांच्या खुणा वेगळ्या. शून्य नाही. आपण २ × १२ = २४ करतो आणि पुढे शून्य मांडतो. तेथे २ आणि २० यांच्या खुणांत काही नातेच दिसत नाही. म्हणजे ते अंक उत्तर नोंदवतात, रीत सुचवत नाहीत.

स्थानमूल्य पद्धतीत शून्य आले ते रिकामी जागा राखायला. पण अंकांच्या पंक्तीत बसल्यावर त्याची बेरीज, गुणाकार, भागाकार हे प्रश्न टाळता येईनात. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये शून्याचे नियम दिले. पुढे भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘बीजगणिता’त अज्ञात राशींना या, का, नी अशी अक्षरे देऊन त्यांच्यावर क्रिया केल्या. (त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापल्याचा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे.) त्याच ग्रंथात ३/० ला त्यांनी ‘खहर’ म्हटले : काहीही मिळवा वा वजा करा, ही राशी बदलत नाही, जशी सृष्टीच्या उत्पत्तीने वा प्रलयाने अनंत अच्युतात फरक पडत नाही. चिन्हाने गणिताला तत्त्वज्ञानाच्या दाराशी नेले ते असे.

पण चिन्ह लिहिता आले म्हणजे त्याला अर्थ लाभतोच असे नाही. शून्याने गुणून शून्यानेच भागल्यास मूळ राशी परत येते, असेही भास्कराचार्य मानतात. तसे केले तर ३ × ० = ५ × ० यावरून ३ = ५ ठरेल! म्हणून आजच्या अंकगणितात शून्याने भागाकार व्याख्येतूनच वगळला आहे.

वर्गात कोणी ‘५ ÷ ० किती?’ विचारले, तर ‘शून्याने भागायचे नसते’ एवढ्यावर थांबू नये. ‘कोणत्या संख्येला शून्याने गुणले की ५ येतील?’ असे उलट विचारावे. नियम कशासाठी केला, ते मुले स्वतःच सांगतील.