‘गेला’ : एका रूपाची कुळकथा

इंग्रजी शिकूं लागलेल्या मराठी मुलाला पहिली ठेंच बहुधा ‘गो’ या क्रियापदापाशीं लागते. वर्तमानकाळीं ‘गो’ आणि भूतकाळीं ‘वेन्ट’! दोहोंत एकहि वर्ण सामाईक नाहीं. ही भाषाच लहरी, असा ग्रह मग तें मूल करून घेतें. परंतु त्याच्या स्वतःच्या घरांत ‘जा’ धातूचें भूतकाळीं ‘गेला’ होतें, त्यांत ‘जा’चा मागमूस तरी कोठें आहे?

दोन्हींचें कारण एकच. ‘जा’ हा धातु संस्कृत ‘या’ धातूपासून आला. ‘गेला’ मात्र ‘गम्’ धातूच्या ‘गत’ या विशेषणापासून. प्राकृतांत ‘गत’मधील ‘त’ लोपला, पुढें ‘इल्ल’ प्रत्यय जडला आणि ‘गेला’ सिद्ध झालें. तिकडे ‘गो’चें जुनें भूतकाळी रूप ‘एओदे’ मागें पडलें. वळणें, मार्गस्थ होणें या अर्थाच्या ‘वेन्ड’ या परक्या क्रियापदाचें ‘वेन्ट’ हें रूप पंधराव्या शतकाच्या सुमारास त्या जागीं स्थिरावलें.

मराठी रूपाचा जुना साक्षीदार आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतच आहे. प्रवरातीरीं नेवासें येथें शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तींतील ‘बोलिला’ आज ‘बोलला’ झाला, ‘जाहला’चा ‘झाला’ झाला. ‘गेला’ मात्र तेव्हांहि ‘गेला’च होता. जें रूप रोज हजार तोंडीं असतें, तें नियमाला सहसा वश होत नाहीं.

तरी दोहोंत एक भेद आहे. ‘वेन्ट’ पुरुषाला आणि स्त्रीला सारखेंच. मराठींत तो गेला, ती गेली, तें गेलें. ‘गेला’ मुळांत विशेषण असल्यामुळें तें लिंगवचन पाळतें, आणि म्हणूनच ‘गेल्या वर्षीं’ असेंहि म्हणतां येतें. अवर्षणाच्या या जिल्ह्यांत हा शब्द फार राबतो. पाऊस गेला, हातचें पीक गेलें, विहीर आटून गेली, बंधारा बांधला गेला. आणि घरांतील वडील माणूस निवर्तलें, तर ‘म्हातारबाबा गेले’ एवढेंच सांगतात.

१८३१ सालीं अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें नगरास आलें. अशा परदेशी अभ्यासूला ‘गेले’ म्हणजे केवळ ‘वेन्ट’ एवढेंच ठाऊक असेल, तर शोकाकुल घरीं तो ‘कोठें गेले?’ असें विचारून बसेल. रूप पाठ होतें. अर्थ मात्र माणसांत वावरल्यानेंच कळतो. शिक्षकांनीं ‘गो-वेन्ट’ शिकवितांना फळ्यावर शेजारींच ‘जा-गेला’ लिहावें. मुलाची भीति ओसरेल, आणि घरच्या भाषेकडेहि तें नव्यानें पाहूं लागेल.