विद्युतऋणता

विद्युतऋणता : रेणूतील अणूची, बंधातल्या इलेक्ट्रॉनांना स्वतःकडे ओढण्याची क्षमता. ही क्षमता सुट्या अणूची नसून बंधात गुंतलेल्या अणूची आहे. त्यामुळे ती अणुभाराप्रमाणे किंवा आयनीभवन ऊर्जेप्रमाणे थेट मोजता येत नाही. इतर मोजमापांवरून काढावी लागते. काढण्याच्या रीती अनेक असल्याने मापश्रेणीही अनेक आहेत. त्यांपैकी लायनस पॉलिंग यांची श्रेणी सर्वाधिक रूढ असून पाठ्यपुस्तकांत आणि भिंतीवरच्या आवर्तसारण्यांत छापलेले आकडे बहुधा तिचेच असतात. या नोंदीतही श्रेणीचे नाव न सांगता दिलेले मूल्य पॉलिंग श्रेणीतले समजावे.

आवर्तसारणीतील कल : आवर्तात डावीकडून उजवीकडे विद्युतऋणता वाढते : लिथियम ०.९८, बोरॉन २.०४, कार्बन २.५५, नायट्रोजन ३.०४, ऑक्सिजन ३.४४, फ्लोरीन ३.९८. कवच तेच राहून केंद्रकावरील प्रभार वाढत जातो, हे याचे कारण. गणात वरून खाली ती कमी होते : क्लोरीन ३.१६, ब्रोमीन २.९६, आयोडीन २.६६. मात्र हा उतार सर्वत्र सरळ नाही. ॲल्युमिनियम १.६१ आणि त्याच्याखालचे गॅलियम १.८१, हा ठळक अपवाद. या दोहोंच्या दरम्यान पहिली संक्रमण मालिका येते. तिच्यातील दहा डी-इलेक्ट्रॉन केंद्रकाचा प्रभार नीट झाकू शकत नाहीत आणि गॅलियमच्या बाह्य इलेक्ट्रॉनांवरील पकड घट्ट राहते.

इतिहास : मूलद्रव्यांना अशा क्रमाने मांडण्याची कल्पना अणुरचनेच्या ज्ञानाहून जुनी आहे. ॲमेडिओ ॲव्होगाद्रो यांनी १८०९ मध्ये ऑक्सिजनशी असलेल्या साधर्म्यावर आधारलेला क्रम सुचवला. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ यन्स याकोब बर्झेलियस यांनी १८११ पासून मूलद्रव्यांची विद्युतऋण व विद्युतधन अशी विभागणी केली. त्यांच्या यादीत ऑक्सिजन एका टोकाला आणि पोटॅशियम दुसऱ्या टोकाला होते. प्रत्येक संयुग हे एका धन व एका ऋण घटकाच्या आकर्षणातून बनते, असा त्यांचा द्वैतवादी सिद्धांत होता.

या सिद्धांताला मोठा धक्का बसला तो १८३०च्या दशकाच्या अखेरीस. झां-बातिस्त द्यूमा यांनी ॲसेटिक आम्लातील तीन हायड्रोजन अणूंच्या जागी क्लोरीन बसवून दाखवला. धन मानलेल्या हायड्रोजनाची जागा ऋण क्लोरीन घेतो आणि तरीही संयुगाचा मूळ साचा टिकतो, हे द्वैतवादात बसणारे नव्हते. पुढे याच ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाने विद्युतऋणतेच्या बाजूनेही साक्ष दिली. क्लोरीनचे तीन अणू इलेक्ट्रॉन ओढून घेतात, त्यामुळे आम्लाचा हायड्रोजन आयन सहज सुटतो आणि त्याचा वियोजन स्थिरांक ॲसेटिक आम्लाच्या सुमारे दहा हजार पट भरतो. बर्झेलियस यांच्या क्रमात तथ्य होते. चूक होती ती प्रत्येक बंध पूर्णपणे धन-ऋण मानण्यात.

पॉलिंग मापश्रेणी (१९३२) : पॉलिंग यांनी या जुन्या कल्पनेला उष्णतेच्या मोजमापांचा पाया दिला. दोन भिन्न अणूंतील बंध निव्वळ सहसंयुज असता, तर त्याची ऊर्जा दोन्ही मूलद्रव्यांच्या स्वबंधांच्या ऊर्जांच्या सरासरीइतकी आली असती. प्रत्यक्षात ती जवळजवळ नेहमीच जास्त भरते. हा वाढावा बंधातील आयनिक अंशामुळे येतो, असे पॉलिंग यांनी मानले. वाढावा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये मांडून त्याचे वर्गमूळ घेतले की दोन अणूंच्या विद्युतऋणतांमधील फरक मिळतो.

हायड्रोजन क्लोराइडचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. हायड्रोजन-हायड्रोजन बंधाची ऊर्जा ४३६ किलोजूल प्रतिमोल, क्लोरीन-क्लोरीन बंधाची २४२, सरासरी ३३९. हायड्रोजन-क्लोरीन बंधाची मोजलेली ऊर्जा ४३१, म्हणजे वाढावा ९२. एक इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे सुमारे ९६.५ किलोजूल प्रतिमोल, तेव्हा वाढावा ०.९५ इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि वर्गमूळ ०.९८. तक्त्यातील क्लोरीन ३.१६ व हायड्रोजन २.२० यांतील फरक ०.९६ आहे. कॅलरीमापीतून आलेल्या तीन आकड्यांतून अणूच्या स्वभावाचा इतका नेमका अंदाज मिळावा, ही विसाव्या शतकातील रसायनशास्त्राच्या सुंदर कामगिऱ्यांपैकी एक होय.

या रीतीने केवळ फरक मिळतो. शून्य कोठे धरायचे हे ठरवावे लागते. पहिल्या तक्त्यात दहा अधातूच होते आणि त्यात हायड्रोजन शून्य होता. नंतर हायड्रोजनाला २.१ हे मूल्य देण्यात आले. त्यामुळे कार्बनपासून फ्लोरीनपर्यंत २.५, ३.०, ३.५, ४.० अशा सोप्या पायऱ्या मिळाल्या. ए. एल. ऑलरेड यांनी १९६१ मध्ये नव्या बंधऊर्जांवरून फेरगणित केले. सध्याचे दोन दशांश स्थळांचे बरेच आकडे त्यातून आलेले आहेत. रासायनिक बंधाच्या स्वरूपावरील संशोधनासाठी पॉलिंग यांना १९५४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मुलिकन मापश्रेणी (१९३४) : रॉबर्ट मुलिकन यांनी आयनीभवन ऊर्जा आणि इलेक्ट्रॉन आसक्ती यांची सरासरी घेतली. स्वतःचा इलेक्ट्रॉन सोडण्यास विरोध आणि दुसऱ्याचा घेण्याची ओढ, अशा दोन्ही बाजू तीत येतात. इलेक्ट्रॉन आसक्ती क्लोरीनची (३.६१ इलेक्ट्रॉनव्होल्ट) फ्लोरीनपेक्षा (३.४०) जास्त असूनही फ्लोरीन अधिक विद्युतऋण का, याचे उत्तर येथे मिळते : फ्लोरीनची आयनीभवन ऊर्जा १७.४२ तर क्लोरीनची १२.९७ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे.

इतर मापश्रेणी : ऑलरेड व यूजीन रोखो (१९५८) यांनी केंद्रकाचा परिणामी प्रभार आणि सहसंयुज त्रिज्येचा वर्ग यांच्या गुणोत्तरावरून मूल्ये काढली. लेलंड ॲलन (१९८९) यांनी संयुजा इलेक्ट्रॉनांची सरासरी ऊर्जा वापरली. त्यांच्या श्रेणीत राजवायूंनाही मूल्ये मिळतात आणि फ्लोरीन (४.१९) नव्हे, तर निऑन (४.७९) सर्वांत वर येतो. राम, झेंग व हॉफमन यांनी २०१९ मध्ये ९६ मूलद्रव्यांची श्रेणी प्रसिद्ध केली.

समानीकरण : बंध जुळल्यावर इलेक्ट्रॉनांच्या सरकण्याने अणूंच्या विद्युतऋणता समान होतात, हे आर. टी. सँडरसन यांचे तत्त्व (१९५१).

घनता फलनक सिद्धांत : हा सिद्धांत रेणूंचे वर्णन इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून करतो. त्याच्या आधारे अमेरिकेतील रॉबर्ट पार व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवले, की मुलिकन यांच्या अर्थाची विद्युतऋणता म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या रासायनिक वर्चसाचे ऋण मूल्य. सँडरसन यांच्या तत्त्वाला त्यामुळे सैद्धांतिक आधार मिळाला. या शाखेत भारतीयांचे काम मोलाचे आहे : मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात स्वपन कुमार घोष, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सौरव पाल आणि खरगपूरला प्रतिम कुमार चट्टराज यांनी ते केले.

बंधाचे स्वरूप : दोन अणूंच्या विद्युतऋणतांमधील फरक जितका मोठा तितका बंध अधिक आयनिक. पॉलिंग यांच्या सूत्रानुसार फरक सुमारे १.७ असता बंध निम्मा आयनिक ठरतो. १.७ च्या वर आयनिक आणि खाली सहसंयुज, असा कडक नियम शिकवला जातो तो बरोबर नाही. हायड्रोजन फ्लोराइडमध्ये फरक १.७८ असूनही तो रेणूंचा बनलेला, सुमारे २० अंश सेल्सिअसला उकळणारा पदार्थ आहे. नायट्रोजन, ऑक्सिजन व फ्लोरीन यांना जोडलेल्या हायड्रोजनावर येणाऱ्या धन प्रभारातून हायड्रोजन बंध निर्माण होतो. पाण्याचा उकळबिंदू त्यामुळेच इतका उंच आहे.

मर्यादा : रेणूची ध्रुवीयता केवळ या आकड्यांवरून सांगता येत नाही. कार्बन मोनॉक्साइडमध्ये फरक ०.८९ असताना द्विध्रुव परिबल जेमतेम ०.११ डिबाय आहे आणि त्याचे ऋण टोक कार्बनकडे आहे. एकाच मूलद्रव्याचे मूल्यही स्थिर नसते. शिशाच्या द्विसंयुजी अवस्थेत ते १.८७, चतुःसंयुजी अवस्थेत २.३३ आहे. ॲसिटिलीनमधील कार्बन इथेनमधील कार्बनपेक्षा अधिक विद्युतऋण असतो, म्हणून ॲसिटिलीनचा हायड्रोजन सोडियम धातूने काढता येतो.

सोने : धातूंमध्ये सोन्याचे स्थान वेगळे आहे. त्याचे मूल्य २.५४, म्हणजे जवळजवळ कार्बनइतके; त्याच गणातील चांदीचे १.९३ आणि तांब्याचे १.९० आहे. सोन्याची इलेक्ट्रॉन आसक्ती (२.३१ इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऑक्सिजन व गंधक यांच्यापेक्षाही जास्त आहे. सीझियम (०.७९) आणि सोने हे दोन्ही धातू एकत्र आले की मिश्रधातू होत नाही. सीझियम ऑराइड हे क्षारासारखे संयुग तयार होते, त्यात सोने ऋण आयन असते. हे संयुग अर्धवाहक असून त्याची स्फटिकरचना सीझियम क्लोराइडसारखी आहे. जड केंद्रकाजवळ इलेक्ट्रॉनांचा वेग इतका वाढतो, की सापेक्षता सिद्धांताचे परिणाम दिसू लागतात. सोन्याचे सर्वांत बाहेरचे एस-कवच त्यामुळे आकुंचन पावते आणि इलेक्ट्रॉन घट्ट धरते.

सर्वांत कमी मूल्य : बहुतेक तक्त्यांत फ्रान्सियमसमोर ०.७ हा आकडा छापलेला असतो. तो अंदाज आहे. फ्रान्सियमच्या सर्वांत टिकाऊ समस्थानिकाचा अर्धायुकाल सुमारे २२ मिनिटे असल्याने त्याच्या बंधऊर्जा मोजण्याइतका पदार्थ जमत नाही. आयनीभवन ऊर्जा मात्र मोजली गेली आहे. ती ४.०७ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे सीझियमच्या ३.८९ पेक्षा जास्त भरते आणि कारण सोन्याच्या बाबतीतलेच आहे. त्यामुळे सर्वांत कमी विद्युतऋणतेचा मान सीझियमकडे देणे अधिक रास्त ठरते.