वसईचा मलिक तुघान आणि त्याचे घराणे

वटारहून दक्षिणेला गेलात की वसईचा किल्ला लागतो. तो पोर्तुगीजांचा, असे आपण धरून चालतो. परंतु त्यांच्याआधी तेथे मलिक तुघान याने तटबंदी उभारली होती, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

तुघानचे वडील मलिक अयाज हे परमुलखातून आलेले गुलाम. त्या काळी इंग्लंडातील सरदाराला जहागीर बहुधा वडिलांकडून मिळे. अयाजने सारे स्वतः कमावले. गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याने त्यांच्या हाती दीवचा कारभार दिला. १५०८ साली चौलच्या लढाईत पोर्तुगीज सेनापती लोरेन्सो द अल्मेडा पडला. हाती आलेल्या कैद्यांना अयाजने चांगले वागविले. मला तर विजयापेक्षा हेच मोठे वाटते. १५२२ साली ते वारले. मागे इशाक, तुघान, इलियास हे मुलगे. पित्याचे दीव मात्र त्यांच्याकडे टिकले नाही.

तुघान वसईस आला. जानेवारी १५३३ मध्ये नुनो द कुन्याने चढाई करून त्याची तटबंदी पाडली. पुढे हुमायूनच्या धास्तीने सुलतान बहादूरशहाने २३ डिसेंबर १५३४ रोजी वसईच पोर्तुगीजांना लिहून दिली. आज दिसतो तो दगडी तट त्यानंतरचा.