देवगिरीची मिठाची पोती

कोणत्या शहरात राहणे निर्धास्त, असा विषय निघाला की मला देवगिरीचा किल्ला आठवतो. तासलेला कडा, खंदक, भर दिवसा हाताला हात न दिसणारी अंधारी! यातले पुष्कळ बांधकाम मागाहूनचे. पण डोंगर तोच. तरीही १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीने वेढा दिला तेव्हा रामदेवरायाला तह करावा लागला. घाईने गडावर नेलेली पोती धान्याची समजली होती. उघडली तर मीठ निघाले, असे सांगतात.

आपल्या शहरानेही भिस्त तटावरच ठेवली. मराठ्यांच्या धास्तीने औरंगजेबाने १६८२ साली तो बांधला. त्याच्या दरवाजांतून आपण आजही ये-जा करतो. सातवी शिकलेल्या मला लढाईतले काय कळणार? पण घरात आलेले पोते हात घालून पाहिल्याशिवाय मी कोठीत ठेवू देत नाही.