डायलिसिस सुरू असताना 'कधीतरी एखादा पेग' चालतो का? पाणी, चखणा, गोळ्या आणि उताऱ्याचा हिशेब

आखाड संपत आला की गावोगावी मटणाचे बेत ठरतात. गटारीच्या आसपास मळ्यात, विहिरीवर, पोल्ट्रीच्या शेडमागे बैठका बसतात. त्यात एखादा असा असतो, ज्याच्या हातावर फिस्टुलाची फुगलेली शीर दिसते. आठवड्यातून दोन-तीन वेळा तालुक्याला नाहीतर जिल्ह्याला जाऊन तो चार तास मशीनवर झोपतो. दोस्त म्हणतात, "एका पेगनं काय होतंय? परवा मशीनवर जाणारच हाईस, सगळं धुऊन निघंल."

हा प्रश्न डॉक्टरांना विचारायची लाज वाटते. विचारला तर ओरडा बसेल अशी भीती असते. मग सल्ला मिळतो तो बैठकीतल्याच माणसांकडून, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो.

खरं उत्तर असं, की डायलिसिसच्या प्रत्येक पेशंटला दारूचा एक थेंबही विष आहे, असं नाही. ज्याला कधीच व्यसन नव्हतं, लिव्हर ठीक आहे, बीपी-शुगर ताब्यात आहे, दोन डायलिसिसमधलं वजन फार वाढत नाही, अशा पेशंटला किडनीचे डॉक्टर सणासुदीला थोडीशी घ्यायला हरकत नाही, असं म्हणू शकतात. पण ही परवानगी त्या एका माणसापुरती असते, शेजारच्या बेडवरच्या पेशंटला ती लागू होत नाही. शिवाय दारूचं कुठलंच प्रमाण पूर्णपणे सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे आणि ते चांगल्या किडनीच्या माणसालाही लागू आहे.

'थोडी' म्हणजे किती?

इथेच पहिली गडबड होते. डॉक्टर 'थोडी' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर 30 मिलीचा एक छोटा पेग असतो. व्हिस्की, रम, ब्रँडीच्या अशा पेगमध्ये साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल असतं. क्वार्टर म्हणजे 180 मिली, म्हणजे असे सहा पेग. "मी फक्त क्वार्टरच घेतो" म्हणणारा माणूस थोडी घेत नसतो.

बिअरला दारूच न मानणारेही बरेच आहेत. 650 मिलीच्या साध्या बिअरच्या बाटलीत अडीच छोट्या पेगांएवढं अल्कोहोल असतं आणि 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरमध्ये चार पेगांएवढं. हातभट्टीची किंवा मोहाची असेल तर मोजमापच संपलं. तिची ताकद भट्टीगणिक बदलते, त्यामुळे एक ग्लास म्हणजे किती पेग हे गाळणाऱ्यालाही सांगता येत नाही.

बिअरने लघवी सुटते, मग किडनी साफ होत नाही का?

हा समज फार खोलवर बसला आहे. मुतखड्याला बिअर, सुजेला बिअर, असे सल्ले पारावर मिळतात. चांगली किडनी असलेल्या माणसाला बिअरने लघवी जास्त होते हे खरं आहे. लघवी आटोक्यात ठेवणारं जे हार्मोन मेंदूतून सुटतं, ते अल्कोहोलमुळे कमी होतं, म्हणून किडनी पाणी सोडते. पण त्यासाठी किडनी जागी हवी ना! डायलिसिसवरच्या माणसाची किडनी तो हुकूम ऐकायच्या अवस्थेत नसते. त्याने प्यायलेली बाटली बाहेर पडत नाही. ती आधी पायावर, मग पोटात आणि शेवटी फुप्फुसात जाऊन बसते.

डायलिसिसच्या पेशंटला रोजचं पाणी ठरवताना बहुतेक ठिकाणी साधा हिशेब करतात: आदल्या दिवशी झालेली लघवी अधिक 500 मिली. समजा एखाद्याला दिवसभरात 300 मिली लघवी होते. मग त्याला 800 मिलीची मुभा. यात सकाळचा चहा, आमटी, ताक, गोळ्यांबरोबरचं पाणी, सगळं आलं. एक बिअर म्हणजे यातले 650 मिली गेले. दीडशे मिली उरले, त्यात मटणाचा रस्सा, दोन चहा आणि गोळ्या कशा बसवायच्या? पेगमध्ये दारू 30 मिलीच असली तरी वरून पाणी किंवा सोडा 150 मिली पडतो. बर्फ टाकला तर तोही पाणीच.

वाढलेलं वजन मशीनवर उतरवावं लागतं आणि त्यालाही मर्यादा आहे. 60 किलोच्या माणसाच्या अंगातलं चार तासांत साधारण 3 लिटर पाणी काढणं ठीक. त्यापेक्षा जास्त ओढलं की पोटऱ्यांत गोळे येतात, बीपी पडतो, डोळ्यापुढे अंधारी येते, आणि वारंवार तसं झालं तर हृदयावर ताण पडतो. "टेक्निशियननं पाणी जास्त काढलं म्हणून त्रास झाला" अशी तक्रार घरी होते. पाणी आलं कुठून, ते मात्र कुणी विचारत नाही.

रविवारची बैठक जास्त धोक्याची

सोमवार-बुधवार-शुक्रवार अशी पाळी असलेल्या पेशंटला शुक्रवारनंतर थेट सोमवारीच मशीन मिळतं. हा आठवड्यातला सगळ्यात लांब गॅप. या गॅपच्या शेवटी अंगात पाणी आणि पोटॅशियम दोन्ही सर्वात जास्त साठलेलं असतं आणि हृदय बंद पडण्याचं प्रमाणही याच वेळी जास्त असल्याचं दिसून आलं आहे. आपल्याकडे पाहुणे, जत्रा, हळदीचा कार्यक्रम, सगळं नेमकं शनिवार-रविवारी. म्हणजे जी वेळ सगळ्यात नाजूक, त्याच वेळी ग्लास हातात येतो. ज्यांची डायलिसिस आठवड्यातून दोनदाच होते, त्यांचा गॅप तर याहूनही मोठा पडतो.

मग डायलिसिसच्याच दिवशी घेतली तर? तेही नको. मशीनवर जाण्याआधी घेतली तर दारूने रक्तवाहिन्या सैल पडतात आणि पाणी काढायला लागलं की बीपी धाडकन खाली येतो. मशीनवरून उतरल्यावर घेतली तरी बीपी आधीच उतरलेला असतो आणि रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या हेपॅरिनचा असर काही तास राहतो. एसटीतून उतरताना चक्कर येऊन पडला तर साधी जखमही लवकर थांबत नाही.

'मशीन सगळं धुऊन काढतं'

दोस्तांच्या या बोलण्यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते पटतं. अल्कोहोलचे कण बारीक असतात आणि डायलिसिसमध्ये ते रक्तातून निघतात. विषारी दारूतलं मिथेनॉल काढायला तर किडनी धडधाकट असलेल्या माणसालाही डायलिसिसवर घेतात. जून 2015 मध्ये मुंबईतल्या मालवणी भागात अशाच दारूने 100 हून जास्त लोक गेले.

पण रविवारी रात्री प्यायलेली दारू सोमवारपर्यंत रक्तात थांबत नाही. तिचा निपटारा लिव्हर करतं. किडनीच्या वाट्याला तिचा फार थोडा भाग असतो. मशीनपर्यंत पोचतं ते दारूबरोबर आलेलं पाणी, मीठ, पोटॅशियम. लिव्हरवर झालेला मार मशीन धुऊन काढत नाही. ज्यांना हेपॅटायटिस बी किंवा सी आहे त्यांचं लिव्हर दारूने फार लवकर खराब होतं, आणि डायलिसिसच्या पेशंटमध्ये हे आजार इतरांपेक्षा जास्त आढळतात.

चखणा आणि उतारा

खरं सांगायचं तर एका छोट्या पेगपेक्षा त्याच्या आजूबाजूला मांडलेल्या गोष्टीच जास्त घात करतात. फरसाण, खारे शेंगदाणे, भाजलेले पापड, वेफर्स, लोणचं. मिठाने तहान लागते, तहानेने पाणी जातं. मूठभर शेंगदाण्यात मीठ नसलं तरी साधारण 200 मिलिग्रॅम पोटॅशियम आणि 100 च्या वर फॉस्फरस असतो. काळ्या कोल्ड्रिंकमध्ये फॉस्फोरिक अ‍ॅसिड असतं, म्हणून रममध्ये ते मिसळणं डायलिसिसवाल्याला आणखी वाईट.

ताडी-माडीला लोक 'झाडाचं पाणी' म्हणतात आणि औषधी समजतात. झाडाचा रस असल्यामुळे त्यात पोटॅशियम भरपूर असतं. व्हिस्की-रममध्ये पोटॅशियम जवळजवळ नसतंच, बिअरमध्ये थोडं, वाईनमध्ये त्याहून जास्त.

सगळ्यात मोठी चूक दुसऱ्या दिवशी सकाळी होते. डोकं जड झालं की उतारा म्हणून शहाळं आणून दिलं जातं, तेही घरच्यांच्या मायेने. नारळपाण्याच्या एका ग्लासात 400 ते 500 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं आणि डायलिसिसच्या पेशंटला दिवसभराची मर्यादा साधारण 2000 ची असते. एक शहाळं कधी एका ग्लासाचं नसतं. लांब गॅपच्या शेवटी, सोमवारी सकाळी, दोन शहाळी पोटात गेली तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. इलेक्ट्रॉलचं पाणी, मोसंबीचा ज्यूस यांचंही तेच. डोकेदुखीवर मेडिकलमधून आणलेली अंगदुखीची गोळी दारूनंतर पोटात रक्तस्राव करू शकते. पित्तावरच्या पांढऱ्या पातळ औषधात मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियम असतं, जे ही किडनी बाहेर टाकू शकत नाही.

गोळ्यांशी गाठ

शुगरच्या पेशंटने हा भाग दोनदा वाचावा. इन्सुलिन अंगातून कमी करण्याचं काम किडनीही करते. किडनी गेली की इन्सुलिन जास्त वेळ टिकतं. त्यात दारू घेतली की लिव्हर रक्तात साखर सोडायचं थांबवतं. उपाशीपोटी दोन पेग, वरून इन्सुलिन किंवा शुगरची गोळी, जेवण राहून गेलं, तर पहाटे साखर 40-50 वर येऊ शकते. घाम, थरथर, बडबड, बेशुद्धी. आणि घरचे म्हणतात, "प्यायलाय, झोपू द्या."

बीपीच्या गोळ्यांबरोबर चक्कर वाढते. पायाच्या आगीसाठी दिलेल्या प्रेगाबालिन, गाबापेंटिन या गोळ्या किडनी नसल्याने अंगात साठतात; त्यावर दारू म्हणजे गुंगीवर गुंगी, श्वासही मंदावू शकतो. झोपेच्या गोळीचंही तसंच. जुलाबावर मेट्रोनिडाझोल सुरू असेल तर दारूने उलट्या, छातीत धडधड होऊ शकते.

"झोपू द्या" म्हणण्याआधी

डायलिसिसचा माणूस प्यायल्यानंतर गळून पडला असेल तर ती नशाच आहे असं धरून चालू नये. पायातली ताकद गेली, ठोके मंद किंवा वेडेवाकडे पडतायत, आडवं झालं की दम लागतो, हाक मारली तर उत्तर येत नाही, पडताना डोक्याला मार बसलाय, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करावा. ग्लुकोमीटर असेल तर आधी शुगर बघावी. गाडी आल्यावर दोन गोष्टी सांगायच्या: डायलिसिस सुरू आहे, शेवटची कधी झाली, आणि दारू किती घेतली. तो फिस्टुलाच्या हातावर अंग टाकून झोपला असेल तर हात मोकळा करावा. दाबाने आणि उतरलेल्या बीपीने फिस्टुला बंद पडतो, मग नवीन करायला पुन्हा ऑपरेशन, तोवर मानेत नळी.

घेतली असेल तर पुढच्या पाळीला टेक्निशियनला सांगायला लाजू नये. पाणी किती काढायचं, हेपॅरिन किती द्यायचं, हे त्यावर ठरतं. ओरडा बसेलही, पण लपवलं तर मशीनवर बीपी पडल्यावर त्यांना कारण शोधत बसावं लागतं.

कुणी अजिबात घेऊ नये

लिव्हरचा आजार किंवा कावीळ, स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेली, हृदय कमजोर, शुगर सारखी वर-खाली, फिट्सचा आजार, आणि आधी व्यसन होतं व सुटलं आहे, या सगळ्यांना 'कधीतरी' हा शब्दच लागू नाही. किडनी बदलण्यासाठी नाव नोंदवायचं असेल त्यांनीही दूर राहावं. तपासणीत दारूची सवय विचारली जाते आणि व्यसन असेल तर आधी ते सोडून दाखवावं लागतं. पोटाची डायलिसिस घरी करणाऱ्यांना पाण्याचं बंधन थोडं सैल असलं तरी पिशवी जोडताना हात स्थिर आणि स्वच्छ लागतात. नशेत जोडलेल्या पिशवीतून पोटात जंतू गेले तर जिवावर बेतू शकतं.

रोज घेणाऱ्याने एकदम सोडू नये

वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने डायलिसिस सुरू झाली म्हणून एका दिवसात दारू बंद केली, तर दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, भास होणं, फिट येणं असं होऊ शकतं. फिट मशीनवर आली तर जास्तच अवघड. त्यामुळे सोडण्याआधी किडनीच्या डॉक्टरांना खरं प्रमाण सांगावं. गोळ्या देऊन, गरज पडली तर भरती करून सोडवतात. बी-1 जीवनसत्त्वही लागतं, कारण ते दारूनेही कमी होतं आणि डायलिसिसमध्येही वाहून जातं.

नवऱ्याला नकळत भाजीत मिसळून द्यायच्या 'दारू सोडवण्याच्या पावडरी'ची जाहिरात अनेक बायकांच्या मोबाईलवर येते. त्यात काय आहे हे पाकिटावर धड लिहिलेलं नसतं. डायसल्फिराम असेल आणि वरून तो प्यायला, तर बीपी कोसळून जीव जाऊ शकतो. डायलिसिसच्या माणसाला ती देऊच नये. व्यसनमुक्तीसाठी 14446 हा सरकारी मोफत नंबर आहे, मन खचलं असेल तर टेलिमानसचा 14416. घरातलं कुणीही, पेशंटला न सांगतासुद्धा, तिथे फोन करून विचारू शकतं.